कागदांचा वारसा : धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची वाटचाल

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मागे घरदार नव्हते, संसार नव्हता, ठेव म्हणावी असा पैसा नव्हता. होती ती दप्तरे, हस्तलिखिते आणि मराठी शब्दांची मुळे शोधताना केलेली टिपणे. संस्थेचा इतिहास सांगायचा तर रिवाजाप्रमाणे पहिल्या सभेपासून, अध्यक्ष-चिटणीसांच्या नावांपासून सुरुवात व्हायला हवी. आपल्या मंडळाच्या बाबतीत ती या कागदांपासून करावी लागते. हे सांभाळणार कोण, हा प्रश्न धुळेकरांपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून मंडळ निघाले. शताब्दीच्या उंबरठ्यावर मागे वळून पाहताना पहिली ओळख मंडळाच्या आधीच्या काळाची करून घेतली पाहिजे.

१८९० ते १९१० : वाईचे दप्तर आणि पुढची पायपीट

राजवाडे जन्मले १८६३ मध्ये, कुलाबा जिल्ह्यातल्या वरसई गावी. वडील लहानपणीच गेले. शिक्षण रखडत झाले. पदवी हाती यायला १८९० चा सुमार उजाडला. काही दिवस पुण्यात शिक्षकी केली, पण नोकरीत त्यांचा जीव रमला नाही. पत्नी अकाली वारली आणि पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत आणण्यासाठी त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यातलेच. मासिक फार वर्षे चालले नाही. पण ज्ञान मराठीत आले पाहिजे, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. इंग्रजीत लिहिले असते तर नाव सातासमुद्रापार गेले असते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांनी लिहिले ते मराठीतच.

इतिहासाकडे ते वळले वाईत सापडलेल्या पेशवाईतल्या कागदांमुळे. १७५० ते १७६१ या काळातली ती पत्रे म्हणजे पानिपताआधीच्या दहा-अकरा वर्षांचे राजकारण त्याच माणसांच्या तोंडून. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला तो याच पत्रांचा. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफचा ग्रंथ, अशी सरसकट समजूत होती. डफच्या चुका दाखवण्याचे धाडस नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी आधीच केले होते, ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी आणि पत्रे छापायला सुरुवात केली होती, मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तरात बुडालेले होते. राजवाडे एकटे नव्हते. त्यांचे वेगळेपण असे की अस्सल पत्र हा पाया आणि बखर दुय्यम, हे तत्त्व त्यांनी हट्टाने मांडले आणि त्या तत्त्वावर खंडामागून खंड उभे केले. असे बावीस खंड झाले. त्यांतले काही कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’ने वाचकांपुढे आणले. पुढच्या खंडांत मावळातल्या देशमुख घराण्यांचे शिवकालीन कागदही आले.

हे काम किती किचकट होते याची कल्पना आजच्या वाचकाला एका उदाहरणाने येईल. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी पुष्कळदा फक्त मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो, म्हणजे ‘छ’ आणि पुढे तारीख. साल असलेच तर ते शुहूर सनाचे आणि तेही अरबी शब्दांत. ‘अर्बा खमसैन मया व अलफ’ असे वाचले की चार, पन्नास, शंभर आणि हजार यांची बेरीज करायची, ११५४ आले की त्यात ५९९-६०० मिळवायचे, मग १७५३-५४ हे इसवी साल हाती येते. साल नसेल तर मजकुरातला एखादा मृत्यू, एखादी मोहीम, नदीचा उतार पाहून ते ठरवायचे. अशी शेकडो पत्रे राजवाड्यांनी लावली. सगळी बरोबर लावली असा दावा कोणी करणार नाही. पुढच्या संशोधकांनी कितीतरी तारखा दुरुस्त केल्या. पण दुरुस्त करायला आधी काहीतरी लावलेले असावे लागते.

कागद मिळवण्याच्या त्यांच्या तऱ्हेवर आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांतल्या निम्म्या बाजूला ठेवल्या तरी उरते ते थक्क करणारे आहे. गावोगाव पायी फिरणे, स्वतःच्या हाताने शिजवून खाणे, वाड्याच्या माळ्यावर नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेले रुमाल सोडवून घेण्यासाठी मालकाच्या नाकदुऱ्या काढणे, कधी भांडणे. वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेली पत्रेही याच काळातली. रुमाल सुटला की वाळवी, उंदीर आणि ओल यांच्यातून वाचलेले वेगळे करायचे. संशोधनाला सरकारी अनुदान, संस्थेची शिष्यवृत्ती असे काही असते हे त्यांच्या गावीही नव्हते.

१९१० ते १९२६ : पुणे आणि पांझरेचा काठ

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्याचे जनक. त्या मंडळाने पुढे जे केले ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. राजवाडे मात्र कोणत्याही चौकटीत फार काळ मावणारे गृहस्थ नव्हते. पुण्यातल्या मंडळापासून ते यथावकाश दूर झाले. त्या मतभेदांच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नाही, आणि दोन्ही बाजूंची माणसे मोठी होती एवढे म्हटले की पुरे. आजही दोन्ही मंडळे एकाच पूर्वजाला मानतात.

धुळे त्यांना परके नव्हते. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या पेठेमुळे वाढलेले, पांझरेच्या काठचे हे गाव तेव्हा पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे होते. जुन्या विद्येचे केंद्र म्हणून त्याची ख्याती नव्हती; पैठण, नाशिक, वाई यांच्या पंक्तीत कोणी त्याला बसवले नसते. पण इथे १८९३ पासून सत्कार्योत्तेजक सभा होती. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव, धुळेकरांचे नानासाहेब, यांनी या सभेच्या द्वारे रामदासी मठांतली बाडे गोळा करून छापण्याचा धडाका लावला होता. डोमगाव मठातल्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये ‘दासबोध’ प्रसिद्ध केला. ‘रामदास आणि रामदासी’ ही माला त्याच सभेची. गोविंद काशिनाथ चांदोरकर यांनी संतकवींच्या काव्याची सूची सिद्ध केली तीही याच वातावरणात. जुन्या पोथीचे मोल जाणणारी, तिच्यासाठी खिशात हात घालणारी माणसे धुळ्यात होती. राजवाड्यांसारख्या फिरस्त्याला टेकायला अशी जागा लागते.

या वर्षांत राजवाड्यांची नजर राजकीय इतिहासापलीकडे गेली होती. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण लिहिले. ‘राधामाधवविलासचंपू’ हे शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये यांचे काव्य त्यांनी १९२२ मध्ये संपादून काढले. त्याची प्रस्तावना हाच एक स्वतंत्र ग्रंथ आहे. १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ आली. उत्तर कोकणच्या त्या बखरीच्या निमित्ताने कोण लोक कुठून येऊन कुठे वसले, राज्ये बदलली तरी गावे निर्विकार का राहिली, असे प्रश्न त्यांनी उपस्थित केले. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे लेखही याच सुमाराचे. ते वाचून सनातनी खवळले. जातिव्यवस्था आणि ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व यांबद्दलची त्यांची काही मते आज वाचताना खटकतात, तेव्हाही अनेकांना खटकली. स्मरणिकेत एवढे लिहून ठेवायला हरकत नसावी. ज्याने स्वतः कोणाची भीड ठेवली नाही, त्याच्याबद्दल भीड ठेवून लिहिणे त्याला आवडले नसते.

शेवटच्या वर्षांत त्यांचा सगळा वेळ भाषेला जात होता. मराठीतला प्रत्येक धातू घ्यायचा आणि तो संस्कृतात, वैदिक भाषेत कुठवर मागे जातो ते पाहायचे. गावांच्या नावांवरून वसाहतीचा माग काढायचा. काम एका माणसाच्या आयुष्यात मावणारे नव्हते. ते अर्धवट असतानाच धुळ्यात त्यांचा अंत झाला.

१९२७ ते १९३६ : मंडळाची उभारणी

राजवाड्यांच्या निधनानंतर थोड्याच काळात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. उद्देश दोन : आचार्यांचे कागद आणि अप्रकाशित लेखन सुरक्षित ठेवून प्रसिद्ध करणे, आणि त्यांनी घालून दिलेल्या वाटेने संशोधन चालू ठेवणे. पहिला उद्देश ठोस होता, दुसरा सैल. पहिल्या दोन दशकांत मंडळाने पहिल्यालाच अधिक बळ दिले आणि ते शहाणपणाचे ठरले.

या उभारणीत भास्कर वामन भट यांचे नाव सर्वांआधी घ्यावे लागते. ‘महाराष्ट्रधर्म’ या त्यांच्या ग्रंथामुळे अभ्यासक म्हणून ते आधीच ओळखले जात होते. राजवाड्यांच्या पद्धतीची त्यांना जाण होती आणि संस्था चालवायला जो चिकाटीचा, हिशेबी, पत्रोत्तराला न कंटाळणारा स्वभाव लागतो तोही त्यांच्यापाशी होता. राजवाड्यांपाशी नेमका तोच नव्हता. भटांबरोबर आणि भटांनंतर ज्यांनी देणग्या गोळा केल्या, कपाटे केली, मोडीच्या नकला उतरल्या, संध्याकाळी दिवा लावून ग्रंथालय उघडले त्यांची नावे इथे एकेक करून घेत नाही. एक घेतले तर दहा राहतात. मंडळ त्या सगळ्यांचे ऋणी आहे.

मंडळाने ‘संशोधक’ हे त्रैमासिक सुरू केले. जिल्ह्याच्या गावातून इतिहासाचे नियतकालिक काढणे म्हणजे लेखक, वर्गणीदार आणि छापखाना या तिन्ही आघाड्यांवर तारेवरची कसरत. मोठ्या शहरातल्या नियतकालिकांनी जे लेख घेतले नसते, कारण विषय एखाद्या तालुक्यापुरता, एखाद्या मठापुरता, एखाद्या वतनाच्या कागदापुरता असे, त्यांना ‘संशोधक’ने जागा दिली. माझ्या मते त्याची खरी कामगिरी हीच. थोर संशोधकांना जागा मिळतेच. शाळामास्तर, वकील, कुलकर्णी यांच्यातल्या हौशी अभ्यासकाला ती धुळ्याने दिली.

याच वर्षांत इतर वाटांनीही राजवाडे लोकांपर्यंत पोचत होते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्यांचे चरित्र लिहिले. पुण्याच्या चित्रशाळेने त्यांच्या लेखांचे संग्रह काढले. १९३५ मध्ये नानासाहेब देवांच्या प्रयत्नांतून समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले आणि रामदासी हस्तलिखितांना कायमची जागा मिळाली. म्हणजे दहा वर्षांच्या आत एकाच गावात कागदांसाठी बांधलेली दोन घरे झाली. त्याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. गावाला तेव्हा लिहून ठेवण्याचा नादच लागला होता म्हणायचा.

मंडळाच्या संग्रहात दप्तरे आणि पोथ्यांबरोबर हळूहळू नाणी, ताम्रपट आणि खानदेशातल्या भग्न देवळांची शिल्पेही जमा झाली. त्यातून वस्तुसंग्रहालय आकाराला आले. बळसाण्याची देवळे, लळिंगचा किल्ला, फारुकींचे थाळनेर असा परिसर असताना शिल्पे आणि शिलालेख दारात येणारच. त्यांना छप्पर देणारा कोणी हवा होता.

१९३७ ते १९४६ : दोन कोश

मंडळाच्या आयुष्यातले सर्वांत भारी दशक हेच. १९३७ मध्ये ‘राजवाडे मराठी धातुकोश’ प्रसिद्ध झाला. संपादन कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचे. पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, ‘राजवाडे नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ निघाला. वाचकांनी क्षणभर थांबून हे वर्ष लक्षात घ्यावे. महायुद्ध चालू, कागदाची टंचाई, देशात ‘चले जाव’ची धामधूम, आणि धुळ्यात एक संस्था मराठी नामांच्या व्युत्पत्तीचा कोश छापून काढते.

ही पुस्तके छापणे म्हणजे टिपणे छापखान्यात पाठवून देणे नव्हते. राजवाड्यांनी ती स्वतःसाठी लिहिली होती. संक्षेप त्यांचे, खुणा त्यांच्या, एकाच शब्दाची दोन ठिकाणी दोन मुळे. संपादकाने काय करावे? विसंगती काढून टाकली तर राजवाड्यांचा विचार कळत नाही, ठेवली तर वाचक गोंधळतो. शिवाय कुलकर्णी हे भाषाशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण घेतलेले अभ्यासक. वर्णबदलाचे नियम त्यांना ठाऊक, आणि राजवाडे पुष्कळदा ते नियम ओलांडून कल्पनेच्या जोरावर मुळापर्यंत उडी मारत. तरीही आचार्यांचे मत त्यांचे म्हणूनच छापले गेले. कुलकर्ण्यांचा स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ मध्ये आला, आणि ज्याला दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची सवड आहे त्याला एका पिढीत मराठीचा अभ्यास कुठून कुठे आला ते दिसते.

राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज मान्य नाहीत. पण त्यांनी नोंदवलेले बोलीतले धातू, खेड्यातल्या कामकऱ्यांच्या तोंडची क्रियापदे, पुस्तकी मराठीत कधी न आलेली रूपे ही सामग्री अजून वापरली जाते. मूळ चुकले तरी शब्द टिपलेला राहिला, याचे श्रेय जितके राजवाड्यांना तितकेच ती टिपणे गहाळ होऊ न देणाऱ्यांना.

१९४७ ते १९७० : बदलत्या काळात

या काळात मंडळाची चाल मंद झाली असे दिसते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर संशोधनाचे केंद्र विद्यापीठांकडे सरकले. पदवी, प्रबंध आणि पगार तिकडे. स्वयंसेवी मंडळांकडे उरली वर्गणी आणि जिद्द. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, साहित्य-संस्कृतीच्या नव्या शासकीय योजना आल्या, पण जिल्ह्याच्या गावातल्या संस्थेपर्यंत त्यांचे पाट पोचायला वेळ लागला. कोणते काम आधी घ्यावे यावर कार्यकर्त्यांत विचारविनिमय होत राहिला, क्वचित तो तीव्रही झाला, पण संग्रहाला त्याची झळ लागली नाही.

याच काळात खानदेशच्या इतिहासाची खोली मात्र अचानक वाढली. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे येथे उत्खनन केले आणि तिथली वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत मागे गेली. राजवाड्यांचा खानदेश सनदांचा आणि पोथ्यांचा होता; आता खापरे बोलू लागली. मंडळाच्या संग्रहातल्या मूर्तींकडे आणि नाण्यांकडे पाहण्याची दृष्टीही त्यामुळे बदलली.

१९७१ ते १९९० : पुन्हा राजवाडे

सत्तर-ऐंशीच्या दशकांत जमिनीखालचा खानदेश आणखी उलगडला. शं. अ. साळी यांनी चाळीसगावजवळच्या पाटणे येथे अश्मयुगीन वस्ती उकरली आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळवले. साक्री तालुक्यातल्या कावठे गावी सावळदा संस्कृतीची वस्ती उजेडात आली. या उत्खननांचे श्रेय मंडळाचे नाही. पण बाहेरगावचे अभ्यासक अशा कामासाठी जिल्ह्यात आले की जुने संदर्भ पाहायला पुस्तके आणि कागद इथे होते, हे सांगायला हवे.

दुसरीकडे राजवाड्यांकडे नवी पिढी वेगळ्याच बाजूने आली. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांनी विवाहसंस्थेवरच्या त्यांच्या विवेचनाचा आधार घेतला होता. आता ते लेख पुस्तकरूपाने नव्या वाचकांच्या हाती गेले. ज्यांना एका बाजूचे लोक धर्माभिमानी म्हणून मिरवत होते त्यांचेच लेख डावे अभ्यासक उचलून धरू लागले. वाद झाले. लोकांना मूळ लेख पाहायचे होते आणि ते जुन्या मासिकांत, दुर्मीळ खंडांत विखुरलेले होते. राजवाडे सगळे एकत्र हवेत ही मागणी यातून पुढे आली.

१९९१ ते २००० : तेरा खंड

ती मागणी मंडळाने पुरी केली. प्रा. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे समग्र साहित्य’ नव्वदच्या दशकात तेरा खंडांत प्रसिद्ध झाले. धातुकोशानंतरचा हा मंडळाचा सर्वांत मोठा प्रकल्प. प्रस्तावना, लेख, व्याकरण, कोश, संपादित ग्रंथ हे सगळे विषयवार लावून देणे, जुन्या छपाईतल्या चुका निवारणे, बाळबोधात आणलेला मोडी मजकूर पुन्हा तपासणे आणि शेवटी ती जाडजूड पुस्तके विकणे. यातले शेवटचे सर्वांत अवघड, असे प्रकाशनाचा अनुभव असलेला कोणीही सांगेल. या तेरा खंडांमुळे मूळ पुस्तकांसाठी ग्रंथालये पालथी घालण्याची वेळ अभ्यासकावर येत नाही. पुढे हे साहित्य संगणकावरही वाचता येऊ लागले, आणि मराठी वाचणारा जगात कुठेही असो, त्याला ते मिळते.

१९९८ मध्ये जुना धुळे जिल्हा विभागून नंदुरबार वेगळा झाला. नकाशा बदलला तरी मंडळाच्या कामाची हद्द पूर्वीसारखीच राहिली. तापीचे दोन्ही काठ आणि सातपुड्याची पायरी त्यात आजही येतात.

२००१ पासून आजवर

आज मंडळात ग्रंथालय, हस्तलिखितांचा व ऐतिहासिक कागदपत्रांचा विभाग आणि वस्तुसंग्रहालय आहे. ‘संशोधक’ अजून निघतो. त्याच्या पानांत आता इतिहासाबरोबर भाषा, साहित्य आणि समाजशास्त्र यांवरचे लेखही असतात, आणि लिहिणाऱ्यांत महाविद्यालयांतल्या तरुण अध्यापकांची संख्या मोठी आहे. विद्यापीठीय पदोन्नतीच्या नियमांमुळे लेखांचा ओघ वाढला हे खरे. त्यातले दाणे आणि भुसा वेगळा करण्याचे काम संपादकांवर आले आहे. पूर्वी लेख मिळत नव्हते, आता निवडावे लागतात, एवढाच फरक.

खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. मोडी वाचणारे कमी आहेत. यादीत कागदावर क्रमांक पडतो, त्याची छायाप्रत निघते, पण तो वाचून त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहून ठेवणारा माणूस लागतो. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. निरनिराळ्या कारकुनांची हातवळणे, शुहूर सनाची बेरीज, महसुलाच्या हिशेबातले संक्षेप अंगवळणी पडायला वर्षे जातात. खानदेशी कागदांत अहिराणी शब्द आणि फारसी संज्ञा शेजारी शेजारी येतात, तिथे पुण्याकडचा जाणकारही अडखळतो. म्हणून मोडी शिकलेल्या स्थानिक मुलामुलींना दप्तराशी टिकवून ठेवणे, त्यांच्या कामाला मानधन मिळवून देणे आणि त्यांनी वाचलेले वर्णनात्मक यादीच्या रूपाने छापणे हे पुढच्या काही वर्षांचे मोठे काम राहील. शताब्दी निधीला मदत करणाऱ्यांनी ती इमारतीच्या रंगरंगोटीऐवजी या यादीसाठी दिली तर कागद वाचले जातील.